ब्रिटिश शॉर्टहेअर घेऊ की सयामी?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरीवाले, सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी सातलाच घरी. सासूबाई घरी असतात पण दुपारी त्यांना शांत झोप लागते. मुलगी ७ वर्षांची, तिला कडेवर घेऊन फिरता येईल असं मांजर हवंय. लांब केसांचं नको एवढं नक्की, आता ब्रिटिश शॉर्टहेअर आणि सयामी यात अडकलोय. नवऱ्याला मांजराजवळ शिंका येतात, सयामीचा त्रास कमी होतो म्हणे. काय करू?

उत्तर: आधी शिंकांचं बघू, कारण त्यावरच सगळं अडू शकतं. त्रास केसांचा नसतो हो, मांजराच्या लाळेत आणि कातडीत फेल डी वन नावाचं प्रोटीन असतं, मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांना लागतं, वाळतं आणि घरभर उडतं. त्यामुळे सयामी आणली की शिंका थांबतील असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. नवरोबांना दोन्ही जातींच्या मोठ्या मांजरांजवळ तासभर बसवा, एकदा नाही, दोन-तीनदा. पिल्लू आणून महिन्याभरात परत द्यायची वेळ आली तर लेक तुम्हाला माफ करणार नाही.

आता मांजराचं. सयामी दिसायला सडपातळ, केस अंगाला चिकटलेले, आतली लव जवळजवळ नाहीच, त्यामुळे साफसफाई कमी. पण बोलते! माझ्याकडे एक होती, मी फोनवर असले की मध्येच असा सूर लावायची की पलीकडचा विचारायचा, बाळ रडतंय का. आणि हा आवाज नुसता भुकेचा नसतो, तिला माणूस लागतं, कुणीतरी सतत आपल्याशी काहीतरी करत राहावं असं वाटतं. तुमच्या घरात ती दहा तास काय करणार, तर सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांना उठवणार. सयामीच हवी असेल तर दोन आणा, एकटी नको. (अजून एक, तिचा रंग अंगाच्या उष्णतेवर ठरतो. पिल्लं जन्मतात जवळपास पांढरी, मग कान, तोंड, पाय, शेपूट हे थंड भाग काळपट होतात आणि वयाबरोबर बाकी अंगही गडद होत जातं. त्यामुळे आज आवडलेला रंग पुढे तसाच राहील असं धरून चालू नका.)

ब्रिटिश म्हणजे उलटा कारभार. गोल तोंड, मखमली दाट केस, आणि आखूड असले तरी ऋतू बदलला की भरपूर गळतात, आठवड्यातून एक-दोनदा ब्रश फिरवावाच लागतो. स्वभाव थंड, एकटं राहिलं तर रुसत नाही, आवाजही बारीक. पण उचललेलं बहुतेकांना आवडत नाही! शेजारी येऊन बसेल, कडेवर घेतलं की पाय ताठ करून सुटायला बघेल. बोका पूर्ण वाढायला ३ ते ५ वर्षं लागतात आणि ७-८ किलोपर्यंत जाऊ शकतो, तो ७ वर्षांच्या मुलीला उचलायचाही नाही.

तरी तुमच्यासाठी मी ब्रिटिशच म्हणेन, कारण दहा तासांचा प्रश्न रोजचा आहे. लेकीला मात्र आणायच्या आधीच सांगा की हे कडेवरचं मांजर नाही, दोरीला पीस बांधून खेळवायचं काम तिच्याकडे द्या, त्यात तीही रमेल.

पिल्लू १२ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. ब्रिटिशमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार दिसतो, तेव्हा ब्रीडरकडे आईबापांच्या हृदयाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट मागा, आणि किडनीत गाठी होणाऱ्या आजाराची जीन टेस्टसुद्धा. टाळाटाळ केली तर तिथून उठा. आणि खाणं मोजूनच द्या, ही जात बसल्या बसल्या गलेलठ्ठ होते, त्यात आजी घरी म्हटल्यावर वाटी कोण भरतंय याच्यावर लक्ष ठेवावंच लागेल.