बीटवर रुजू झालेल्या पोरीला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

15 फेब्रुवारीला जंगलात आगीचा हंगाम लागतो. तुझ्या बीटवरच्या, म्हणजे वनरक्षक म्हणून तुझ्याकडे असलेल्या जंगलाच्या तुकड्यातल्या जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) तोवर झाल्या का, हे वरचे साहेब विचारतीलच. मी लिहितोय ते मजुरांबद्दल.

8 एप्रिल 2021 ला गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या वणव्यात तीन हंगामी मजूर गेले, दोघं भाजले. विझत आलेली आग सोसाट्याच्या वाऱ्यानं पुन्हा भडकली होती. म्हणून सांगतो, आटोक्यात आलेल्या आगीला जास्त भ्यायचं. तेव्हा माणसं दमलेली असतात, बाटल्यांतलं पाणी संपलेलं असतं आणि घराची ओढ लागलेली असते.

आगीशी भिडण्याआधी पळायचं कुठं ते ठरव आणि प्रत्येकाला बोटानं दाखव. पूर्ण जळून काळी पडलेली जागा सगळ्यात भरवशाची. फक्त उभ्या जळक्या खोडांखाली थांबू नका, ती न सांगता पडतात. डोंगरातला अरुंद नाला आडोशाचा वाटतो, पण तो धुराड्यासारखा आग वर ओढतो. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कुणालाही उभं करू नकोस. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि माणूस तिथंच धापा टाकायला लागतो. एकाला आग झोडपायला न लावता उंचावर नुसतं वारा बघायला ठेव. ‘एक हात कमी पडतो’ अशी कुरकुर होईल. होऊ दे.

आता धूर. सगळे तोंडाला दुपट्टा बांधतात. त्यानं राख अडते, धुरातले बारीक कण अडत नाहीत. एन-95 मास्कची मागणी आत्ताच लेखी दे. कार्बन मोनॉक्साइड मात्र तोही अडवत नाही. त्याला पाळ्या लावून माणसं धुराबाहेर काढणं हाच उपाय. डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोलणं अडखळतंय असा माणूस लगेच बाहेर काढायचा, आणि एकटा सोडायचा नाही. पण रोजावरचा माणूस आपणहून सांगत नाही, खाडा पडेल या भीतीनं. धुरामुळे बसलेल्याचा रोज कापला जाणार नाही, हे आधी साहेबांकडून पक्कं करून घे आणि सकाळी सगळ्यांसमोर बोल. माझ्या मते मास्कपेक्षा या एका वाक्यानं जास्त माणसं वाचतील.

कपडे सुती. टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो.

‘अजून तासभर लावून धरा’ असा वरून फोन येईल. वारा फिरलेला तुला दिसतोय, फोनवरच्याला नाही. माणसं मागे घे, कारणं नंतर लिहून दे. आणि गाडीत बसवताना नावं घेऊन हजेरी घे, नुसती डोकी मोजू नकोस. गावातली दोन-चार पोरं मधेच मदतीला आलेली असतात, ती मस्टरवर नसतात.

तुझा,
काका