साठ मिनिटांतला ‘संशयकल्लोळ’ : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

पुण्यात होऊ घातलेल्या एका फ्रिंज महोत्सवासंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमचा नातू आणि त्याचे मित्र फ्रिंज महोत्सवात नाटक करणार आहेत आणि तेही गो. ब. देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’! फ्रिंज म्हणजे आम्ही ज्याला प्रायोगिक म्हणत आलो तेच असेल, तर शंभर वर्षांपूर्वीची संगीत सुखात्मिका तिथे कशी चालते, हे कृपया समजावून सांगावे.
– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : एडिंबरो येथे 1947 साली आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या तिथे येऊन दाखल झाल्या आणि मिळतील त्या जागा गाठून त्यांनी आपापले प्रयोग केले. मुख्य महोत्सवाच्या कडेला उभ्या राहिलेल्या या प्रयोगांतूनच फ्रिंज जन्माला आले. पुढे 1958 मध्ये त्याची संस्था स्थापन झाली, पण तिथे कोणी काय करावे हे ठरवणारी निवडसमिती मात्र नेमली गेली नाही, आणि आजही नाही. म्हणजे ‘प्रायोगिक’ हे विशेषण नाटकाच्या वृत्तीला लागते, तर ‘फ्रिंज’ हे नाटक सादर करण्याच्या व्यवस्थेला लागते. लहान सभागृह, तासाभराचा प्रयोग, एकाच जागेत दिवसभरात पाठोपाठ होणारी निरनिराळ्या गटांची नाटके आणि खर्चाचा भार स्वतः उचलणारे कलाकार, अशी ती व्यवस्था असते. अशा ठिकाणी शेक्सपिअर होतो, फ्रेंच नाटककार मोलिएर होतो, तर देवल का होऊ नयेत? सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रेक्षक नटाच्या अगदी जवळ बसतो, ही सवय पुणेकरांना आहेच. नातवाच्या प्रयोगाला आपण अवश्य जावे. संगीत नाटक म्हणजे तीन अंक आणि मध्यंतरातला बटाटेवडा, एवढी अपेक्षा मात्र घरी ठेवून जावे.

प्रश्न : आम्ही बारा जण महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका करत होतो. आता स्वतःची संस्था काढली आहे आणि फ्रिंज महोत्सवात साठ मिनिटांचा स्लॉट मिळाला आहे. ‘संगीत संशयकल्लोळ’ करायचे ठरले आहे, पण गटात मतभेद आहेत. काटछाट कुठे करावी? काळ आजचा करून तसबिरीऐवजी मोबाईल आणावा का? पदे किती ठेवावीत? प्रेक्षकांत अमराठी मंडळीही असतील, त्यांचे काय करावे?
– दिग्दर्शिका, कर्वेनगर

उत्तर : तासाभरात हे नाटक करणे म्हणजे देवलांचा अपमान, असे आपल्याला कोणी ऐकवले असेल तर त्यांना या कथेचा प्रवास सांगावा. मोलिएरने 1660 मध्ये लिहिलेली मूळ सुखात्मिका एकअंकी होती. आर्थर मर्फी या नाटककाराने 1761 मध्ये तिचे पाच अंकी इंग्रजी नाटक केले. देवलांनी मर्फीच्या त्या नाटकावरून 1893 मध्ये ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले आणि त्याचेच पदांनी नटलेले रूप गंधर्व नाटक मंडळीने 1916 मध्ये रंगभूमीवर आणले. फुगत फुगत इथवर आलेली ही कथा आपण पुन्हा तिच्या पहिल्या मापाकडे नेत आहात, एवढेच. अर्थात यामुळे मधला भाग फुकटचा भराव ठरत नाही. देवलांच्या घरगुती, खटकेबाज मराठीची गोडी मोलिएरच्या मापात आपोआप उरणार नाही, ती आपल्याला जपावी लागेल.

काटछाटीला हात घालण्यापूर्वी एका कागदावर कोणी काय पाहिले आणि त्यातून काय समजून घेतले, याची साखळी मांडावी. अश्विनशेठची प्रेयसी रेवती हिला भोवळ येते आणि संशयी फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. मग तीच तसबीर फाल्गुनरावाकडे असल्याचे अश्विनशेठला दिसते. या साखळीत कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले असते, फक्त ते अर्धे असते आणि उरलेले अर्धे प्रेक्षकाजवळ असते. या नाटकातला सगळा हशा या जास्तीच्या माहितीवर उभा आहे. म्हणून पाहण्याचे प्रसंग पूर्ण, ठळक आणि सावकाश झाले पाहिजेत. कात्री लावायची ती त्यानंतर येणाऱ्या विवेचनाला, म्हणजे प्रेक्षकाने आत्ताच पाहिलेले पात्र पुन्हा सांगते तिथे. फाल्गुनरावाचे एखादे स्वगत जरूर ठेवावे, कारण संशयी माणूस स्वतःशीच कसा वकिली करतो ते पाहण्यात मौज आहे. पण तेच दुसऱ्यांदा आले की घड्याळ पळू लागते आणि नाटक थांबते. एखादा प्रवेश कापल्यावर पुढचा संशय उगवायला कारण उरते का, ही एकच कसोटी लावावी. उरत नसेल, तर तो प्रवेश कितीही छोटा वाटला तरी परत घ्यावा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे तालमीच्या खोलीत कोणी हसत नाही. तिथे बरोबर साठ मिनिटांत बसलेला प्रयोग भरल्या सभागृहात हमखास लांबतो आणि पुढच्या गटाची मंडळी सामान घेऊन दारात उभी असतात. तालमीत पन्नास मिनिटांच्या आत या.

मोबाईलची कल्पना सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तसबीर एकच असते, ती पडू शकते, कोणाच्याही हाती जाऊ शकते आणि ज्याच्या हाती असेल त्याच्याकडे ती आली कशी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मोबाईलमधल्या छायाचित्राच्या कितीही प्रती निघतात, त्यामुळे ते कोणाकडे सापडले यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय पडलेला फोन कुलूपबंद असतो आणि कुलूप उघडण्याचा विनोद सुरू केला की देवलांचे नाटक बाजूला राहून आपले वेगळेच नाटक सुरू होते. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्या जगात अश्विनशेठ रेवतीला एक फोन करून विचारू शकतो, त्या जगात हा घोटाळा टिकण्यासाठी दर पाच मिनिटांनी नवे निमित्त शोधावे लागेल. आजचा प्रेक्षक पगडी आणि उपरणे पाहून बिचकत नाही. स्वतःचा संशय तो त्या वेषातही बरोबर ओळखतो. आणि काळ तोच ठेवलात, तर फाल्गुन, अश्विन, भाद्रपद या महिन्यांवरून आणि कृत्तिका, रेवती या नक्षत्रांवरून पात्रांना नावे देण्याची देवलांची गंमतही शाबूत राहते.

अभिनयाबद्दल आपण विचारलेले नाही, पण प्रयोग पडण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते. स्पर्धेतून आलेल्या मुलांना हशा ‘काढण्याची’ सवय लागलेली असते. डोळे मोठे करणे, आवाज चिरकवणे, वाक्य टाकून प्रेक्षकांकडे पाहणे, हे सगळे मोठ्या सभागृहात एकवेळ खपते, पण तीन फुटांवर बसलेल्या प्रेक्षकासमोर ते उघडे पडते. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव ज्या परंपरेत गाजला, तिथे नट आधी त्या माणसाची आग स्वतःला लावून घेत असे. फाल्गुनरावाला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने त्याचे घर बुडाले आहे. कृत्तिकेकडेही असेच पाहावे. तिला कजाग बायको म्हणून उभी करण्याचा मोह होतो, पण तिच्याजवळचा पुरावा नवऱ्याच्या पुराव्याइतकाच भक्कम आहे, कदाचित थोडा अधिकच, कारण तिने एक तरुण स्त्री त्याच्या हातांवर प्रत्यक्ष पाहिली आहे. दोघांची बाजू सारख्या वजनाने लढली गेली की जुगलबंदी आपोआप रंगते. रेवती नायकिणीच्या घरातली आहे, हे आजच्या संकोचाने पुसून टाकू नये. अश्विनशेठ तिच्यावर इतक्या चटकन संशय घेतो त्यामागे तिचे घर आहे आणि या खेळकर नाटकातला एकमेव कडवट घोट तोच आहे. तो गिळायला लावा, पण त्यावर भाषण देऊ नका.

पदे चार-पाचच्या वर नेऊ नयेत आणि जी ठेवाल ती खरोखर गाऊ शकणाऱ्या नटांनी गावीत. ध्वनिमुद्रित साथीवर ओठ हलवण्यापेक्षा पद नसलेले बरे. ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांना दिसेल असा एका बाजूला बसवावा. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ वगळले तर बाहेर पडताना कोणीतरी काका अडवून जाब विचारतील, हे गृहीत धरावे. ते ठेवावे, पण आलापी आवरती घ्यावी आणि वन्स मोअरला नम्रपणे हात जोडावेत. ‘हृदयी धरा हा बोध खरा’ हे पद लोकप्रिय असले तरी उपदेशाचे आहे. शेवटी त्याच्या दोन ओळी पुरेत.

नेपथ्यासाठी एक खिडकी, एक दार आणि एक बाक याहून अधिक काही लागणार नाही. सगळे एका टेम्पोत मावेल आणि दहा मिनिटांत उभे राहील असेच करावे. अमराठी प्रेक्षकांसाठी पडद्यावर भाषांतर दाखवणार असाल, तर विनोदाचा अर्धा भाग एका पाटीवर आणि उरलेला पुढच्या पाटीवर द्यावा. नाहीतर वाचणारे नटाच्या आधी हसतात, ऐकणारे नंतर हसतात आणि मधल्या मधे वाक्य मरते. पाट्या बदलणारी व्यक्ती पहिल्या दिवसापासून तालमीला बसवावी, कारण नटाचा पॉज कुठे येतो हे संहितेत लिहिलेले नसते.

प्रश्न : आम्हालाही त्याच महोत्सवात जुनी सुखात्मिका करायची आहे. जुन्या नाटकांना परवानगी लागत नाही, असे मित्र म्हणतात. शिवाय आम्ही हौशी आहोत. ‘कवडीचुंबक’ मनात आहे. मोलिएरचे नाटक म्हणजे ते मुक्तच असणार ना?
– एक रंगकर्मी, सिंहगड रस्ता

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे आणि उरलेले अर्धे महागात पडू शकते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावरचा हक्क टिकतो. देवल 1916 साली गेले, त्यामुळे त्यांची नाटके मुक्त आहेत. मोलिएर तर 1673 सालीच गेला. मात्र ‘कवडीचुंबक’ हे मोलिएरच्या नाटकावरून आचार्य अत्र्यांनी केलेले स्वतंत्र मराठी रूप आहे आणि अत्रे 1969 मध्ये निवर्तले, म्हणून त्यावरचा हक्क 2029 च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. पु. ल. देशपांड्यांच्या नाटकांबाबत हेच वर्ष 2060 येते. मोलिएरचे मूळ नाटक घेऊन आपणच नवे मराठी रूपांतर केलेत तर कोणाची परवानगी लागणार नाही. पण ते करताना अत्र्यांची वाक्ये आठवणीतून उतरत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे लागेल, कारण ती वाक्ये आठवणीत रुतून बसणारी आहेत.

हौशी असण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगापुरती आहे. फ्रिंजमध्ये तिकीट असेल, मग ते कितीही स्वस्त असो, तर ती सवलत आपल्याला लागू होत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका वाजवणार असाल तर त्यांचा हक्क पदाच्या हक्काहून वेगळा असतो, हेही तपासावे. संपादित रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेली संहिता, नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवावी. आणि हक्कदारांकडून परवानगी घ्याल तेव्हा प्रयोगांची संख्या, तारखा, मानधन आणि ‘संक्षिप्त रूपात’ हे शब्द पत्रात लिहून घ्यावेत. तोंडी होकारावर पोस्टर छापायला टाकू नये.