आधी ‘ऑफ’चे तास मोजा

प्रश्न : आमचे अण्णा 62 वर्षांचे, एसटीत वाहक होते. पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. सिंडोपा ही लेव्होडोपाची गोळी दिवसातून सहा वेळा घेतात, तरी दोन-अडीच तासांत असर उतरतो आणि ते खुर्चीतच अडकून पडतात. लातूरच्या डॉक्टरांनी डीबीएस (मेंदूत तारा बसवून छातीतल्या यंत्राने विजेची हलकी स्पंदनं देण्याची शस्त्रक्रिया) सुचवलं, खर्च बारा लाखांच्या घरात सांगितला. माझ्या नोकरीतला विमा 5 लाखांचा आहे, त्यात अण्णाही आहेत. नातेवाईक म्हणतात, या वयात डोक्याला भोकं कशाला? ताई, शेत विकावं का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : दादा, शेताला एवढ्यात हात लावू नका. अण्णांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का, ते आधी ठरू दे.

माझ्या यजमानांची शस्त्रक्रिया 2016 साली पुण्यात झाली. त्याआधी सहा वर्षं आम्ही ‘वय झालं, असंच चालायचं’ एवढंच ऐकत होतो. डीबीएस हा शब्द दवाखान्यात नाही, मदतगटाच्या बैठकीत कानावर पडला. फ्रान्समध्ये डॉ. बेनाबीद यांनी 1987 सालीच सुरू केलेला उपचार, आणि आमच्यापर्यंत तो असा पोचला! ती सहा वर्षं मला अजून सलतात.

ठरवायचं कसं? लेव्होडोपाची चाचणी असते. रात्रीपासून पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद ठेवतात (हे डॉक्टरांच्या देखरेखीतच, घरी करून बघू नका), सकाळी हालचाली तपासून गुण देतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. साधारण एक तृतीयांश तरी सुधारणा दिसली तर आशा धरायची. त्या सकाळी यांना उशीवरून मान उचलवत नव्हती. तासाभराने हे स्वतः उठून चपला शोधायला लागले. डॉक्टर म्हणाले, गोळीने जे सुधारतं तेच यंत्राने सुधारेल, फक्त दिवसभर टिकेल. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी यंत्राने कमी होऊ शकतो. गोळी चालू असतानाही तोल जात असेल, बोलणं अस्पष्ट असेल, तर त्याची हमी कुणीही देणार नाही. स्मरणशक्ती आणि मनाची अवस्थाही तपासतात. 62 हे वय आड येत नाही. विसरभोळेपणा फार वाढला असेल तर तो येतो.

आता पैसा. विमा नियामकाने 2019 साली डीबीएस आधुनिक उपचारांच्या यादीत घातलं. त्यामुळे हा उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. तुमच्या पॉलिसीत तशी अट असेल तर हाती अडीच लाखच येतील. म्हणून कंपनीच्या एचआरकडून मर्यादेचं उत्तर लेखी घ्या, तोंडी नको. पार्किन्सन्स 2016च्या अपंग हक्क कायद्यात येतो, तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलमधून अण्णांचं प्रमाणपत्र काढून ठेवा. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करा. खर्चाचा मोठा वाटा यंत्राचा असतो, त्यामुळे अंदाजपत्रकात यंत्राची आणि रुग्णालयाची रक्कम वेगवेगळी मागा.

आम्ही फसलो ते बॅटरीत. छातीत कॉलरबोनखाली बसवलेली साधी बॅटरी चारेक वर्षांत संपली आणि पुन्हा लाखांचा खर्च दारात उभा राहिला. रिचार्ज होणारी महाग पडते, पण पंधराएक वर्षं चालू शकते. शिवाय टाके निघाल्यावर खरं काम सुरू होतं. यंत्राचं सेटिंग बसेपर्यंत कित्येक महिने फेऱ्या होतात. उदगीरहून अण्णांना घेऊन कोण जाईल, रजा किती लागतील, तेही हिशेबात धरा. दुरून सेटिंग बदलता येणारं यंत्र मिळतं का, विचारा.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ, दोन्हीकडे शस्त्रक्रिया झालेली माणसं भेटतात. नातेवाइकांना त्यांच्याशी बोलू द्या.

आजपासून कालनिर्णयच्या चौकटीत रोज लिहा : गोळी किती वाजता घेतली, ‘ऑफ’ (गोळीचा असर उतरून अंग अडकतं तो काळ) किती वेळ, अंगाची नको ती वळवळ किती वेळ. जमेल तितकं अण्णांनाच लिहू द्या. अक्षर मुंगीएवढं आलं तरी चालेल, तेही डॉक्टरांना दाखवायचंच आहे.