पोरीच्या सोयरिकीचा धाक

प्रश्न : ताई, माझा दीर दिवाळीआधी वारला. दहाव्या दिवशी धाकट्या जावेच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. आता संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. ती माझ्यासोबत तिळाचे लाडू वळते अन बाया यायची वेळ झाली की आतल्या खोलीत सासूबाईंजवळ जाऊन बसते. सासरे गेल्यापासून त्याही तिथंच बसतात. मी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, “लोकं का म्हनतीन? तुया पोरीची सोयरीक जुळाची हाये.” मी काय करू?
– एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : घोडं सोयरिकीपाशीच अडलंय. माझी सारी नोकरी आर्वीकडच्या गावांत अंगणवाड्यांच्या कामात गेली. बांगड्या फोडायला पुढं होतात त्या बहुतेक म्हाताऱ्या विधवाच. चारचौघींत विचारलं तर म्हणायच्या, “माह्या वेळी कोनी सोडलं होतं का?” त्याच बाया एकट्या भेटल्या की म्हणायच्या, “मले तरी कुठं आवडते?” पटत कुणालाच नाही, पण आधी शेजारचं घर बदलू दे म्हणून प्रत्येक घर थांबलेलं.

म्हणून जावेला एकटीला पुढं करू नका. ती कुंकू लावून बाहेर आली तर टोमणे तिलाच, ‘नवऱ्याचं दुःखच नाही’ हेही तिलाच ऐकावं लागेल. हे काम तुम्हा सवाष्णींचं. ज्यांच्या घरी लग्नाच्या पोरी आहेत अशा चार-पाच जणींशी आधी बोला, बचत गटात बोला. सगळ्याच घरांनी ठरवलं तर नाव कुणाच्या पोरीला ठेवणार?

त्याहीआधी सासूबाईंशी बोला. जावेचा विषय न काढता त्यांना त्यांचंच विचारा: इतकी वर्षं आत बसून कसं वाटलं? हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसेल. अन जावेलाही विचारा, तिला काय हवंय. कुंकू नको वाटलं तर तिची मर्जी, पण खोलीतून बाहेर तिला यायलाच हवं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी ही प्रथा बंद करायचा ठराव केला. 17 मेला सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना तेच करायला सांगितलं. त्यानं कुणाला शिक्षा होत नाही, पण ‘गावानं ठरवलं’ म्हणायला आधार होतो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं हा विषय मांडा.

एक तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. शुभकार्यातून बाजूला सारलेल्या बाईला शेतीच्या बोलण्यातूनही हळूच बाजूला सारतात. दिराच्या नावावर शेत असेल तर कायद्यानं त्यात जाऊ, तिची लेकरं आणि सासूबाई यांचा सारखा हिस्सा आहे. तुमच्या मालकांचा त्यात वाटा येत नाही, हे त्यांना तुम्हीच सांगा. वारसाची खबर मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. दिली नसेल तर मृत्यूचा दाखला घ्या अन जावेसोबत या आठवड्यातच जाऊन या.