वान सरोवरासाठी पाच दिवस द्यावेत का?

इस्तंबूल आणि कॅपाडोकिया तुमचं झालंय, जूनमध्ये पाच दिवस मोकळे आहेत आणि पूर्व तुर्कीतल्या वान सरोवराला जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा, आणि पाचही दिवस तिथेच घालवा.

लोणार पाहिलं असेल तर वानचं पाणी हाताला लगेच ओळखीचं वाटेल. तसंच क्षारांचं, बोटांवर साबणासारखं बुळबुळीत. पण लोणार काठावरून एका नजरेत मावतं, वान मात्र सुमारे ३,७०० चौरस किलोमीटरचं आहे. तिथले लोक त्याला समुद्रच म्हणतात. नेमरुत ज्वालामुखीच्या लाव्ह्याने पश्चिमेची वाट बुजवली, तेव्हापासून पाणी येतं पण बाहेर जात नाही. त्याची फक्त वाफ होते आणि क्षार मागे उरतात.

अशा पाण्यात इंजी केफाली नावाचा मासा जगतो, पण अंडी घालायला त्याला गोडं पाणी लागतं. म्हणून मे-जूनमध्ये हे मासे झुंडीने ओढ्यांतून उलटे वर चढतात. एर्जिशजवळच्या ओढ्यावर मी तासभर उभा होतो. धबधब्यावर उडी, खाली आपटणं, पुन्हा उडी. तुमची वेळ अगदी योग्य आहे, हे चुकवू नका.

सरोवरातल्या अकदमार बेटासाठी काठावरच्या गेवाश गावातून बोट मिळते. बेटावरचं आर्मेनियन चर्च राजा गागिकने ९१५ ते ९२१ या काळात बांधून घेतलं. बहुतेक जण आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही आधी बाहेरून सावकाश फेरी मारा, कारण खरी श्रीमंती बाहेरच्या भिंतींवर कोरलेली आहे. दक्षिणेच्या भिंतीवर बायबलमधल्या योना या संदेष्ट्याला होडीतून पाण्यात टाकतायत आणि खाली त्याला गिळणारा मासा वाट बघतोय. पण त्याला कान आहेत, दात आहेत, तोंड चक्क कुत्र्यासारखं! वर द्राक्षवेलीची पट्टी सगळ्या चर्चभोवती फिरते. १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या संहारानंतर इथे आर्मेनियन वस्ती उरली नाही आणि चर्च कित्येक वर्षं ओस पडलं होतं. दुरुस्तीनंतर २००७ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं. हे माहीत असेल तर त्या भिंती वेगळ्याच दिसतात.

एक दिवस सरोवराच्या पश्चिम काठावरच्या तातवानच्या बाजूला ठेवा: नेमरुतच्या मुखातलं तळं आणि अहलातचं सेल्जुक या मध्ययुगीन तुर्की राजवटीच्या काळातलं कब्रस्तान, जिथे माणसापेक्षा उंच कोरीव दगड रांगेने उभे आहेत. मोठ्या दगडी मुंडक्यांचा नेमरुत डोंगर वेगळा, तो इथून खूप दूर अदियामानकडे आहे. बुकिंग करताना गोंधळ होतो.

न्याहारी वान शहरातच करा. रानपाल्याचं ओतलू पेनिर हे चीज आणि पीठ-लोणी-अंड्याचं मुरतुआ मागा.

वानचा किल्ला म्हणजे उरार्तू या प्राचीन राज्याची राजधानी तुश्पा, जवळपास २,८०० वर्षांपूर्वीची. संध्याकाळी वर जाल, सूर्यास्त पाहाल, ते ठीकच. पण दक्षिणेच्या पायथ्यालाही जा. तिथे कड्यात उंचावर एक चौकट कोरलेली आहे आणि तिच्यात इराणी सम्राट झर्क्सिसचा तीन भाषांमधला लेख आहे. त्यात तो सांगतो की ही जागा माझ्या वडिलांनी, दरायसने, खोदवून घेतली, पण लिहिलं काही नाही. म्हणून मी लिहवून घेतलं. बापाचं अर्धं राहिलेलं काम मुलाने पुरं केल्याची नोंद अडीच हजार वर्षं त्या दगडावर टिकून आहे. अक्षरं खालून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत, दुर्बीण नक्की न्या.