शाळेला टीव्ही आणि टॅब मिळालेत. डी.एड.ला शिकलेल्या थिअरीचा आता काही उपयोग आहे का?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. लोकवर्गणीतून एक स्मार्ट टीव्ही आणि सहा टॅब मिळाले. मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. केंद्रप्रमुख म्हणतात रोज वापरा, नोंद ठेवा. पियाजे, स्किनर, वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांचा इथे काही उपयोग होतो, की सरळ व्हिडिओ लावायचे?

उत्तर :

सर, उपयोग होतो, आणि तो टीव्ही लावायच्या आधी होतो. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवते. कुठलंही ॲप किंवा व्हिडिओ हातात आला की मी एवढंच बघते : डोकं कोण चालवतंय, मूल की पडदा? तुम्ही पाठ केलेली सगळी मंडळी याच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी येतात.

दुसरीची हातच्याची वजाबाकी घ्या, ४२ वजा १७. मुलासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या आहेत. सात सुट्ट्या काढायच्या, पण आहेत दोनच. मूल अडतं. शेजाऱ्याकडे बघतं, एखादं तर त्याच्या काड्या खुशाल उचलतं. मग कधीतरी गठ्ठ्याकडे नजर जाते आणि रबर निघतं. कुणाला हे लगेच सुचतं, कुणाला दुसऱ्या दिवशी. शिकणं घडतं ते या अडण्यात आणि रबर काढण्यात.

आता याच वजाबाकीचा व्हिडिओ बघा. टिंग असा आवाज येतो, गठ्ठा आपोआप सुटतो, दहा काड्या टुणटुण उड्या मारत सुट्ट्यांत जाऊन बसतात. वर्ग एका सुरात ‘पंचवीस!’ ओरडतो. आपल्यालाही बरं वाटतं. मग हातात काड्या देऊन पाहा, बरीच मुलं गठ्ठ्याला हातही लावत नाहीत, कारण तो सोडायचं काम पडद्याने केलं होतं. पियाजेच्या मांडणीत साधारण सात ते अकरा या वयात मूल तर्क करू लागतं, पण तो तर्क समोरच्या वस्तूंना धरून चालतो. तुमची पहिली-दुसरीची मुलं त्या उंबरठ्यावरच आहेत. ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने क्रमही सांगून ठेवलाय : आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने. म्हणजे व्हिडिओ वाईट नाही, त्याची जागा दुसरी आहे. काड्या झाल्यावर लावा आणि गठ्ठा सुटायच्या क्षणभर आधी थांबवा. ‘आता हा काय करेल?’ असं विचारा आणि पाटीवर काढायला लावा. मग पुढे चालू करा.

जाता जाता एक गंमत. २०१५ च्या सुमारास ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत आपल्याकडे ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून पाहत ज्ञान घडवतं, हा विचार) आणि डिजिटल शाळा ही दोन्ही वारं एकदमच सुटली. एकात फरशी रंगवून मुलांना गोलात, साहित्याभोवती बसवलं. दुसऱ्यात सगळ्यांची तोंडं पुन्हा भिंतीकडे केली, फक्त फळ्याच्या जागी पडदा आला. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे बैठकांमध्ये फारसं कुणी बोललं नाही.

स्किनरला मात्र मोडीत काढू नका. १९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. मुलं गणितं सोडवताहेत, पण आपलं बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळतच नाही, आणि हुशार-मागे सगळे एकाच वेगाने ओढले जाताहेत, हे त्याला खटकलं. त्यातून त्याने शिकवण्याचं यंत्र बनवलं : छोटी पायरी, लगेच उत्तराची खातरजमा, ज्याची त्याची गती. आज टॅबवर चांदण्या आणि टाळ्या देणारी सरावाची ॲप आहेत, ती सगळी त्याच यंत्राची नातवंडं. पाढे, वीसपर्यंतच्या बेरजा, अक्षरओळख अशा घोटून पक्क्या करायच्या गोष्टींना ती खरोखर चांगली. नवी कल्पना समजावायला नाहीत.

त्यांच्यात एक चोरवाट आहे. मुलाच्या चेहऱ्याकडे बघू नका, बोटाकडे बघा. तीन पर्याय असतील तर बोट पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर सपासप फिरतं आणि हिरवं झालं की पुढे. चांदण्या भरपूर जमतात, बेरीज येत नाही. माझ्या वर्गात नियम आहे : आधी पाटीवर उत्तर लिहायचं, मग बोट लावायचं. वेग निम्म्यावर येतो आणि मुलं थोडी कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

आता सहा टॅबचं. तुम्हाला ते कमी वाटत असतील, मला पुरेसे वाटतात. एकट्याला जमत नाही पण कुणी सोबत असलं की जमतं, त्या पट्ट्यात मूल वाढतं, असं वायगॉट्स्की म्हणतो. म्हणून एक टॅब, दोन मुलं. ज्याचं बोट टॅबवर आहे त्याने गप्प बसायचं, दुसऱ्याने सांगायचं, मग अदलाबदल. जोडी अगदी हुशार आणि अगदी मागे अशी लावली तर हुशार मूल टॅब बळकावतं. थोडाच फरक असलेली जोडी बरी चालते. आणि या जोड्यांना पावरीत बोलू द्या. विचार पावरीत होऊ दे, उत्तर मराठीत येऊ दे. ‘मराठीतच बोला’ म्हटलं की दोघंही मुकाट होतात आणि मग टॅब एकटाच बोलत राहतो.

टॅबमधलं सगळ्यात कामाचं ॲप म्हणाल तर ध्वनिमुद्रण आणि कॅमेरा. मुलाने चार वाक्यं वाचून रेकॉर्ड करावी, स्वतः ऐकावी, परत वाचावी. कुठे अडखळलो हे त्याचं त्यालाच कळतं, आपण सांगावं लागत नाही. आजीकडून पावरी गोष्ट रेकॉर्ड करून आणली तर तिच्यावर मराठी भाषेचे कितीतरी तास घेता येतात. त्याला इंटरनेटही लागत नाही.

टॅब जोडीने आणि सरावापुरता वापरावा, हे केवळ माझं मत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांवर अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम ‘प्रथम’ संस्थेचा होता. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होणारे. गणित चांगलंच सुधारलं. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला. त्याच गुजरातमध्ये ली लिंडन या अभ्यासकाने ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांत पाहिलं की बाईंच्या शिकवण्याचा वेळ काढून संगणकाला दिला तर मुलं उलट कमी शिकली. शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचा सराव म्हणून दिला तेव्हा फायदा झाला, आणि मागे पडलेल्यांना जास्त झाला. तिकडे पेरू देशाने तर मुलांच्या हातात लॅपटॉपच दिले. गणित-भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही.

व्हिडिओ निवडतानाची एक कसोटी रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून घेतलीय. डोळ्याने आणि कानाने येणारं एकमेकांना पूरक असेल तर समजतं, आणि शोभेची भर पडली की मुद्दा बुडतो. मागे ढॅणढॅण संगीत, कोपऱ्यात नाचणारा ससा, प्रत्येक आकड्याला फटाके असतील तर तो व्हिडिओ सोडून द्या, कितीही व्ह्यूज असोत. दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरतो. दुसरीकडे, चांगला व्हिडिओ एकदा आवाजासह दाखवल्यावर मी आवाज बंद करते आणि मुलांनाच बोलायला लावते. कॉमेंट्री करायला वर्गात भांडणं होतात. बालभारतीच्या क्यूआर कोडमागचं साहित्य ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरून आधीच उतरवून ठेवा. शाळेच्या वेळेत रेंज आणि लाइट दोन्ही असेल याची खात्री कोण देणार?

बाकी टीव्ही खरा कामाला येतो तो जे आणून दाखवता येत नाही त्यासाठी. सातपुड्यातल्या मुलांना समुद्राची भरती-ओहोटी दाखवा, बर्फ दाखवा, सुरवंटाचं फुलपाखरू होताना दाखवा. पण आवारात झाड आहे, तर पानाच्या शिरा पडद्यावर कशाला?

केंद्रप्रमुखांच्या नोंदीचं म्हणाल, तर रकान्यात नुसती मिनिटं भरू नका. मुलांनी काय केलं ते लिहा. उदाहरणार्थ : ‘दुसरी, वजाबाकी ४२−१७. काड्यांनंतर व्हिडिओ, तीनदा थांबवला. दोन जोड्यांना गठ्ठा सोडायचं सुचलं नाही, उद्या त्यांना पुन्हा काड्या. टॅब नाही.’ रोज टॅब चालू का नव्हता असं त्यांनी विचारलं, तर ही नोंद पुढे करा.