गुडघा बदलल्यावर आईला व्हीआर सायकल चालेल का? (ठाणे)
चालेल, पण हेडसेटची घाई नको (व्हीआर सायकल म्हणजे जागेवरच पेडल मारायचं आणि डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये खराखुरा वाटणारा रस्ता पाहायचा). माझ्या बाबांना घोडबंदर रोडच्या एका सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी तो चढवला. दोन वळणांत घामाघूम, हँडल घट्ट धरून "बंद करा हे!" डोळ्यांना रस्ता पळताना दिसतो, आतल्या कानाला मात्र शरीर जागेवरच असल्याचं कळतं, म्हणून मळमळतं.

मग फिजिओने सीट उंच केली, म्हणजे गुडघा कमी वाकतो. आधी नुसतं पुढे-मागे अर्धं पेडल. पूर्ण फेरी जमल्यावर समोर टीव्हीवर सरळ रस्ता. हेडसेट त्यानंतर, तोही 5 मिनिटं, पाठ टेकायच्या सायकलवर. चक्कर किंवा फिटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बाबा आता तलावपाळीला चालत फेरी मारतात. हेडसेटचं नाव काढत नाहीत!